घर हीच नाटक मंडळी



व्याख्यानमालेत नाटकावर बोलायचे म्हणजे नाटककारांवर किंवा नटांवर बोलायचे, फार तर प्रेक्षकांची थोडी कानउघाडणी करायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी या तिघांना बाजूला ठेवणार आहे. प्रयोग चालू असताना विंगेत एका हातात कोमट पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी घेऊन जो प्राणी उभा असतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नसते. पडदा पडल्यावर त्याला कोणी हारही घालत नाही. तो नाटकात काम करणाऱ्या मुलाचा बाप असतो, किंवा आई असते.

मी स्वतः याच जमातीतला आहे. माझी मुलगी आणि मुलगा, दोघांनाही संगीत नाटकाचे वेड आहे. गणेशोत्सवातले नाट्यप्रवेश, शाळेचे स्नेहसंमेलन, हौशी मंडळींनी वर्षाकाठी बसवलेला एखादा प्रयोग, एवढीच आमची रंगभूमी. पण एवढ्याशा रंगभूमीनेही आमच्या घराचे वेळापत्रक, जेवणखाण आणि झोप पार बदलून टाकली. हे असे का होते, याचा विचार करू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जे काम एके काळी नाटक कंपनी करीत असे, ते आज एकट्या घरावर येऊन पडले आहे. पूर्वी मूल घर सोडून कंपनीत जात असे. आता कंपनीच घरात राहायला आली आहे. यातून आईबापांवर कोणती जबाबदारी येते आणि गावावर कोणती, हाच आजचा विषय.

कंपनी काय करीत असे?

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ साली 'सौभद्र' आले. या नाटकांत पदांची संख्या शंभरावर असे. प्रयोग रात्री सुरू होई तो पहाटेपर्यंत चाले. असे नाटक उभे करायचे तर गाणारी माणसे बारमाही हाताशी हवीत. त्यातच स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, म्हणून कोवळ्या आवाजाच्या मुलांना मोठी मागणी असे. त्यामुळे कंपन्या गावोगावची गाणारी मुले हेरून आपल्याकडे आणीत. केशवराव भोसले यांचा जन्म १८९० सालचा. ते अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले, बालवयातच 'शारदा' म्हणून गाजले आणि १९०८ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली सतराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत आले. सौदागर गोरे दहा वर्षांच्या आसपासचे असताना बालमोहन नाटक मंडळीत दाखल झाले आणि पुढे 'छोटा गंधर्व' या नावाने महाराष्ट्राचे लाडके झाले. बालमोहन ही तर प्रारंभी मुलांचीच कंपनी होती.

अशा मुलाला कंपनी अन्न देई, वस्त्र देई आणि शिक्षणही देई. तालीममास्तर गद्य घोटून घेई, गवई पदे बसवून घेई. कोणी काय खावे, किती वाजता उठावे, मेहनत किती करावी, याला शिस्त असे. एका अर्थाने ती निवासी शाळाच होती. पण या शाळेत व्याकरण, गणित, भूगोल हे विषय बहुधा नव्हते. आणि आईची कूसही नव्हती. मुलाचा आवाज हेच त्याचे भांडवल असल्याने तो फुटला की मुलाचे काय होणार, हा प्रश्न कायम डोक्यावर टांगलेला असे. जे मोठे झाले त्यांची चरित्रे आपण वाचतो. पण आवाज गेल्यावर पडदे ओढण्याच्या कामाला लागलेल्या किंवा मुकाट्याने गावी परतलेल्या मुलांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

रंगभूमीची जी शिकवण आपण अभिमानाने सांगतो तिलाही दुसरी बाजू आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. दुःख गिळून त्यांनी भामिनी उभी केली. ही कथा ऐकताना आजही अंगावर काटा येतो आणि त्या कलावंतापुढे मस्तक नमते. पण मुलांना नाटकात घालणाऱ्या आईबापांनी ती कथा ऐकून थोडे थांबावे. मोठ्या माणसाने स्वतःच्या दुःखावर ठेवलेला तो संयम होता. लहान मुलाकडून अशा त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ताप असेल तर प्रयोग नाही, हे वाक्य बापाला म्हणता आले पाहिजे. मग तिकिटे खपलेली असोत की नसोत.

आईबापांचे चार नमुने

कंपनी आणि घर एकत्र नांदल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले उदाहरण ताराबाई माने यांचे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांपासून विभक्त झाल्यावर त्यांनी मुलांना एकट्याने वाढवले. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, कमलाबाई, सरस्वती राणे ही ती भावंडे. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे हेच धाडस मानले जाई, त्या काळात या बाईंनी आपल्या मुलींना घेऊन संगीत नाटके केली. मंडळी पुढे कर्जात बुडाली आणि हिराबाईंनी मैफली करून ते कर्ज फेडले. आईने दार उघडले. पण त्या दाराचे भाडे मुलीने भरले, हेही विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण मास्टर दीनानाथांचे. त्यांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. तिच्या बिऱ्हाडातच त्यांची मुले वाढली, आणि थोरली लता बालपणीच वडिलांच्या नाटकांतून रंगमंचावर उभी राहिली. बोलपट आले, कंपनीचे दिवस फिरले आणि १९४२ साली दीनानाथ गेले तेव्हा लताबाईंचे तेरावे वर्ष चालू होते. घर चालवण्याचे ओझे त्या वयात खांद्यावर आले. त्यातून जगाला काय मिळाले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक घरात लता मंगेशकर जन्मत नाही. ओझे मात्र कोणत्याही घरात येऊ शकते.

तिसरे उदाहरण शिलेदार दांपत्याचे. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि संगीत नाटकाला उतरती कळा लागलेली असताना ती जिद्दीने चालवली. कीर्ती आणि लता या त्यांच्या मुली त्याच वातावरणात तयार झाल्या. धाकट्या कीर्तीताई पुढे २०१८ सालच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. २०२२ साली त्या गेल्या तेव्हा एका घराने पाऊण शतक सांभाळलेल्या परंपरेचा मोठा आधार गेला.

चौथे उदाहरण आपल्या विदर्भातले. वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले. वडिलांचा आधार नसताना आईने त्यांना नागपुरात वाढवले. शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण मिळाले आणि १९३५ सालच्या 'कालियामर्दन' या भालजी पेंढारकरांच्या बोलपटात हा मुलगा कृष्ण झाला. पुढे कितीतरी वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. २४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, त्यातल्या खाँसाहेबांनी वसंतरावांचे नाव घरोघर पोचवले. तेव्हा त्यांचे वय होते सत्तेचाळीस! नाटककारही नागपूरचे, खाँसाहेबही नागपुरात वाढलेले. 'विदर्भात संगीत नाटकाचे काय?' असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आणि आईबापांना यातून मिळणारा धडा असा, की दहाव्या वर्षी मिळालेल्या टाळ्यांवरून हिशेब मांडू नये. कलेचे पीक केव्हा हाती येईल याचा नेम नसतो; तोवर चूल पेटती ठेवणारी नोकरी हा कलेचा अपमान नव्हे.

गळ्याचे गणित

आता थोडे व्यवहाराकडे वळू. संगीत नाटकातल्या मुलाच्या आईबापांना सर्वांत अधिक भेडसावणारी गोष्ट म्हणजे आवाज फुटणे. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. बारीक तारेच्या जागी जाड तार लावावी तसा आवाज खाली येतो, तो जवळजवळ एका सप्तकाने. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण तो दोन-तीन सुरांनीच उतरतो. म्हणून तो बदल घरच्यांच्या लक्षात येत नाही. मुलाच्या बाबतीत मधले काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, गळ्याचा भरवसा नसतो. कालपर्यंत सहज लागणारा वरचा षड्ज आज अचानक चिरकतो.

या काळात दोन गोष्टी टाळाव्यात. जुन्या पट्टीत गाण्याचा हट्ट ही पहिली. पेटीवर पट्टी उतरवावी, मधल्या सप्तकातच गाऊ द्यावे, आवाज बसला की थांबवावे. दोन-तीन आठवडे उलटूनही घोगरेपणा गेला नाही तर काढे आणि घरगुती उपाय पुरे करून घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. दुसरी गोष्ट, मुलाला रंगभूमीवरून एकदम काढून टाकणे. माझा मुलगा नारद करीत होता. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला आणि त्याने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले. दिग्दर्शकांनी त्याला वर्षभर प्रॉम्प्टिंगला बसवले. त्या वर्षात त्याची सगळ्यांची सगळी भाषणे पाठ झाली, ताल पक्का झाला, आणि आवाज स्थिरावला तेव्हा नारद गेला तरी नट टिकून होता. गायक मुलाला गाण्याखेरीज रंगभूमीवर दुसरे एखादे काम देणे, यासारखे औषध नाही.

साथीचेही असेच आहे. हल्ली ध्वनिमुद्रित साथीवर पदे म्हणण्याची सोय झाली आहे. स्वस्त आहे आणि घरी सरावाला उपयोगीही आहे. पण संगीत नाटकातले पद हे संवादातून उगवते. नट एखाद्या वाक्यावर क्षणभर रेंगाळला तर पेटीवाला सूर धरून थांबतो, तबलजी त्याच्या श्वासाकडे पाहून समेवर येतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. यंत्रामागे धावणारे मूल सुरात गायला शिकेल. पण रंगमंचावर दुसऱ्याचे ऐकायला शिकणार नाही, आणि नाटक तर मुळात ऐकण्याची कला आहे.

शाळा, पैसा आणि कांचनभट

दहावीच्या वर्षी नाटक करावे की नाही, यावर घरोघर महाभारत होते. माझा अनुभव असा, की तालमीची वेळ ठरलेली आणि पाळलेली असेल तर अभ्यासाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते सातची तालीम नऊला सुरू करण्याच्या आपल्या खोडीने. दोन तास वाट पाहण्यात गेलेले मूल थकते ते नाटकाने नव्हे, आपल्या ढिसाळपणाने. आणि तालमीतही शिक्षण असते. 'शारदा'तला एक प्रवेश बसवताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, तिने सरळ नाही म्हणून का सांगितले नाही?" त्या एका प्रश्नामुळे आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत जागलो. देवलांचे नाटक १८९९ सालचे. मुलीच्या लग्नासाठी किमान चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा आला १९२९ साली. नाही म्हणायला कायदा पाठीशी नव्हता, आई दुबळी होती आणि बाप तर सौदा ठरवून बसला होता. हे सारे तिला पाठ्यपुस्तकातून इतके कळले असते असे मला वाटत नाही.

त्या बापाचे नाव कांचनभट. पैशाच्या लोभाने त्याने पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचे ठरवले. नाटक पाहताना आपण त्याला शिव्या देतो. परंतु मुलाच्या गुणावर मनातल्या मनात पैसे मोजू लागणारा बाप कांचनभटाच्या आळीपासून फार दूर राहत नाही. चित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धा आणि जाहिराती यांचे आमिष आज लहान गावांपर्यंत पोचले आहे. म्हणून व्यावसायिक करमणुकीत काम करणाऱ्या मुलांसाठी कायद्याने काय सांगितले आहे, ते आईबापांनी जाणून घ्यावे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक काळ गुंतवता येत नाही. शाळा बुडता कामा नये. आणि मिळकतीपैकी निदान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. गावातल्या हौशी प्रयोगात पैशाचा प्रश्नच बहुधा नसतो. उलट गजऱ्यापासून रिक्षापर्यंतचा खर्च आपणच करतो. तरीही तास, विश्रांती आणि शाळा यांविषयीची ही मर्यादा हौशी तालमीलाही तितकीच शोभून दिसेल.

वर्ध्याचा धागा

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, "ही पुण्या-मुंबईची चैन, आपल्या वर्ध्याचा संगीत नाटकाशी संबंध काय?" संबंध आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे. १९३६ पासून ज्यांचे वास्तव्य सेवाग्रामला होते, त्या महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या बालपणीच्या दोन नाटकांची आठवण सांगितली आहे. एक हरिश्चंद्राचे. ते पाहायला त्यांनी वडिलांची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सत्यासाठी सोसणारा तो राजा त्यांच्या मनातून पुढे गेला नाही. दुसरे श्रावणाच्या पितृभक्तीचे. ते पुस्तक वडिलांनी विकत आणलेले होते. श्रावणाच्या आईबापांच्या विलापाची चाल हा मुलगा ज्या लहान पेटीवर वाजवी, ती कॉन्सर्टिनाही वडिलांनीच घेऊन दिलेली होती. परवानगी देणारा, पुस्तक आणणारा आणि वाद्य घेऊन देणारा तो बाप राजकोटच्या दरबारातला कारभारी होता. नाटकापायी मूल बिघडते असे ज्यांना वाटते, त्यांनी या बापाचे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

शिवाय याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम ही कल्पना देशापुढे आली. हाताने काम करीत शिकावे, हे तिचे सूत्र. रंगभूमी हीदेखील हाताची शाळा आहे. मुकुट कापायचा, पडदा बांधायचा, दिवे लावायचे, पेटी उचलायची, आणि हे करता करता भाषा, इतिहास, ताल आणि दुसऱ्याशी जुळवून घेणे शिकायचे. आमच्या तालमीत मुख्य भूमिका करणारा मुलगाही शेवटी सतरंज्या गुंडाळतो. हा नियम वर्ध्याच्या मातीला साजेसा आहे.

आणि शेजारी पाहा. आपल्या पूर्वेला चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. मंडईच्या निमित्ताने गावेच्या गावे रात्रभर बसतात. गाणी आणि वाद्ये यांच्याशिवाय तिथे नाटक होत नाही. ती रंगभूमी जिवंत आहे याचे कारण एकच: नाटक ही सगळ्या गावाची गोष्ट आहे, नटाच्या एकट्या घराची नव्हे.

गावाने काय करावे?

इथेच माझे मुख्य म्हणणे येते. कंपनी गेली आणि तिचे सारे ओझे घराने उचलले, इथवर ठीक झाले. पण घराची ताकद सारखी नसते. ज्या घरात आई-बाप दोघेही संध्याकाळी सातला मोकळे असतात, ज्यांच्या दारात वाहन असते, ज्यांना गाण्याच्या शिकवणीचे पैसे परवडतात, त्यांचीच मुले रंगमंचावर दिसतील; आणि गिरणीतून, शेतातून, दुकानातून उशिरा परतणाऱ्याच्या घरातला केशवराव भोसले खिडकीतून तालीम ऐकून परत जाईल. जुन्या कंपनीत दोष पुष्कळ होते. पण गरिबाच्या गळ्यालाही तिच्या दारातून आत जाता येत असे, हा तिचा मोठा गुण होता. तो गुण आपण गमावता कामा नये.

त्यासाठी मोठ्या देणग्या लागत नाहीत. शाळेने संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा. ज्यांच्या घरी पेटी धूळ खात पडली आहे त्यांनी ती तालमीला द्यावी. तालमीहून परतताना एका बापाने चार घरची मुले पोचवावीत. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पत्र्याच्या मंडपात दुपारची तालीम ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रयोगाला यावे, वेळेवर यावे, तिकीट काढून यावे. स्वतःचे मूल रंगमंचावर नसतानाही यावे. आपल्या मुलाचा प्रवेश संपताच उठून जाणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांच्या पाठीकडे पाहत उरलेली मुले पुढचे पद म्हणत असतात.

मुलांपैकी किती जण मोठे नट होतील? फार थोडे. बहुतेक जण बँकेत, शाळेत, दवाखान्यात, शेतात आपापल्या कामाला लागतील. पण चारचौघांत सरळ उभे राहणे, शब्द स्पष्ट उच्चारणे, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे आणि मग आपला सूर लावणे, एवढे त्यांच्या अंगी राहील. चांगल्या नागरिकाला याहून वेगळे काय लागते? आणि त्यांतलाच एखादा सत्तेचाळीसाव्या वर्षी अकस्मात उभा राहून सारे सभागृह हलवून सोडील. तेव्हा विंगेत पाण्याची बाटली घेऊन उभे राहिलेल्या कोणाचे तरी पाय दुखले होते, हे कोणाला आठवले नाही तरी चालेल.